मास्तरांच्या ओळी

"अहो वहिनी, मधलं गाळताय तुम्ही," नणंदेनं हळूच कोपरानं ढोसलं.

बाई थांबल्या. मास्तरांना जाऊन महिना झाला म्हणून घरी प्रार्थनासभा होती. मास्तरांचं आवडतं, बायबलातलं मेंढपाळाचं स्तोत्र तुम्हीच म्हणा, असं पाळकसाहेबांनी सांगितलं होतं. बाईंनी सुरुवात केली ती दुसऱ्या ओळीपासून. मग जरा गप्प राहून एकदम चौथी.

"बिचारीचं डोकं ठिकाणावर नाही," मागून कुणीतरी कुजबुजलं.

डोकं अगदी जागेवर होतं, लोकांना काय कळतंय! गणवेश शिवायच्या दुकानात मास्तर कापड बेतायचे आणि बाई समोर बसून काजं करायच्या. एकुलता एक मुलगा तापानं गेला, तेव्हा कित्येक दिवस दोघं एकमेकांशी बोललीसुद्धा नव्हती. मग एक दिवस मास्तरांनी कापता कापता स्तोत्राची पहिली ओळ म्हटली नि दुसरी बाईंना म्हणायला लावली. अख्खं एकट्याला पेलत नव्हतं, म्हणून अर्धं अर्धं. तसंच ते पाठ झालं, आणि त्याच्याच आधारानं दोघं पुन्हा जेवायला, हसायला लागली. मास्तरांच्या ओळी बाईंनी कधी तोंडात घेतल्या नव्हत्या. त्या त्यांच्या होत्या.

मंडळी गेल्यावर नणंद कप विसळताना म्हणाली, "दादाला हीच काळजी होती बघा. म्हणायचा, अर्ध्या स्तोत्रावर ही एकटी कशी दिवस काढील?"

"कधी म्हणाले?"

"गेल्या वर्षी. दवाखान्यातून येताना."

"कुठल्या दवाखान्यातून?"

नळ नुसताच वाहत राहिला. नणंदेनं जीभ चावली, पण आता काय उपयोग?

"वन्सं, मला तर म्हणाले, साधा खोकला आहे."

"त्यानं शपथ घातली होती हो, वहिनी. डॉक्टरांनी हात टेकले होते. म्हणाला, तिनं एक मरण पाहिलंय, दुसऱ्याची वाट बघायला लावू नका."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक. दुकानाच्या मालकांना?"

नणंदेनं नळ बंद केला. "त्यांनाही."

"वा! सगळ्या गावाला ठाऊक, आणि जिच्या उशाशी खोकत होते तिला तेवढं नाही!" बाईंचा आवाज चिरकला. "केसानं गळा कापला हो माझा!"

दुसऱ्या दिवशी त्या कामावर गेल्या. घरात बसून भिंतींशी किती भांडणार? समोरचं कापायचं टेबल रिकामं होतं, वर मास्तरांची कात्री मिटून पडली होती. बाईंनी सुई हातात घेतली आणि सवयीनं जीभ हलली, "तू सोबत आहेस..."

त्या चपापल्या. मरणाच्या दरीतून चालायची ओळ मास्तरांची. तिच्यामागून सोबतीची ही ओळ बाईंची. वर्षभर रोज ते समोर उभं राहून दरीचं म्हणत होते, अन् बाई खाली मान घालून काजं करता करता, सोबत आहेस म्हणत होत्या. मेलं नुसतं तोंडानं!

"पोराचं दुःख अर्धं अर्धं घेतलं ना आपण?" रिकाम्या टेबलाकडं बघत त्या बोलल्या. "मग हे एकट्यानं गिळायची काय गरज होती? सोबत आहेस म्हणून वदवून घेतलंत, आणि येऊ मात्र दिलं नाहीत. हातावर तुरी देऊन गेलात."

आणि मग आठवलं. शेवटी शेवटी मास्तर सारखे मागं लागायचे, "आज अदलाबदल करू. तू माझ्या ओळी म्हण, मी तुझ्या म्हणतो." बाई उडवून लावायच्या, "तुमचं काम तुम्ही करा. मला काजं आहेत." ते हसायचे आणि खोकायचे.

राग गेला नाही. तो इतक्यात जाणारही नव्हता. पण बाईंनी सुई खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांची ओळ म्हटली. ते जिथं दम घ्यायचे तिथं दम घेत, दरीपाशी न अडखळता, पुरी.

पुढची ओळ त्यांनी म्हटली नाही.

"आज ती तुमची," त्या म्हणाल्या, आणि टेबलाकडं बघत थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मग पुढचा सदरा ओढून मांडीवर घेतला.