कनातीमागची झील

राहीबाईनं पडद्याच्या मागच्या अंगाला पोतं अंथरलं, खालचे चार खडे वेचून बाजूला फेकले आणि सगळ्यांत आधी स्वतःच त्यावर बसली. बरोबरच्या पंधरा-वीस बायका अजून घुटमळत होत्या. शाळेच्या पटांगणात दोन बांबूंना पांढरं कापड ताणून बांधलेलं होतं. त्याच्या पलीकडे गावातली सगळी पुरुषमंडळी, आणि अलीकडे ह्या.

"आक्का, कोन काय म्हनंल का गं?" बाळाबाईनं विचारलं.

"म्हनू दे की. बोलनाऱ्याचं तोंड कुनी धरलंय? बस खाली."

साताऱ्याहून प्रसिद्धी खात्याची जीप येणार आणि तमाशातल्या शालूबाई शिरवळकरवर सरकारनं काढलेला पिच्चर फुकट दाखवणार, अशी दवंडी सकाळी गावात फिरली होती. दवंडीला शेवटी एक शेपूट होतं : बायाबापड्यांनी येऊ नये. ते शेपूट सरपंच जालिंदरअण्णांनी आपल्या पदरचं जोडलं होतं. ते कानावर पडताच राहीबाई धुणं तसंच टाकून चावडीवर गेली.

"आन्ना, गेल्या सालाला कुटुंबनियोजनाचा पिच्चर आनला, तवा आमास्नी म्होरल्या रांगंत बसिवलंसा. तवा न्हाई लाज वाटली. आन ह्यो गान्याचा, तर आमी घरात?"

चावडीवरचे दोघेतिघे मिशीत हसले. अण्णा म्हणजे नाकानं कांदे सोलणारे गृहस्थ. शालूबाईच्या फडात पुढची खुर्ची त्यांनी कधी चुकवली नव्हती, पण बायकांची गोष्ट निघाली की त्यांना गावाची अब्रू आठवायची.

"वैनी, ती तमाशातली बाई. घरंदाज बायकांनी तिच्या म्होरं बसायचं?"

"मग मागं बसतू."

"मागं कुठं?"

"पडद्याच्या मागं. न्हाईतरी गान्याला आमी कवा म्होरं हुतू?"

बाई आपणहून मागं सरली, ह्यातच अण्णांना आपली जीत दिसली. त्यांनी मान डोलवली.

राहीबाईच्या नवऱ्यानं, सयाजी हवालदारानं, हे सगळं ऐकलं. पण जा म्हटलं नाही की नको म्हटलं नाही. घोंगडी काखेत मारून तो पुढची जागा धरायला दिवस असतानाच निघून गेला. सयाजीला गाण्यातलं फार कळतं, असं सगळं गाव म्हणायचं. सगळ्यांत मोठ्यानं तो स्वतः म्हणायचा. पलटणीतून रजेवर आला की शालूबाईचा फड असेल तिथं, पार जतपर्यंत, तो सायकल हाणायचा. "गळा न्हवं, देवीचा परसाद हाय," असं म्हणताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते पाणी खरं होतं, हे राहीबाईलाही कबूल होतं. म्हणूनच तिला जास्त राग यायचा.

त्याला पंचवीसेक वर्षं होऊन गेली. राहीबाई नवी सून होती आणि जत्रेला शालूबाईचा फड गावात उतरला होता. फडाभोवती उभारलेल्या कापडी कनातीच्या आत पुरुष. बायकांना आत मज्जाव. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. कनातीच्या मागं अंधारात बायका ऐकत उभ्या राहायच्याच. त्या दिवशी शालूबाई जोंधळ्याची लावणी गात होती. गाणारीनं ओळ सोडली की मागचे झीलकरी धृपद उचलतात आणि ती दम घेऊन परत येईपर्यंत खाली पडू देत नाहीत. पण त्या दिवशी झीलकऱ्याचा गळा बसला होता. दर खेपेला धृपद ढासळत होतं. तिसऱ्या खेपेला राहीबाईला राहवलं नाही. तिनं बाहेरूनच झील दिली :

"पाखरं हाकाया या जी, राया, पाखरं हाकाया या!"

आवाज आत गेला आणि आत बसलेल्या सयाजीनं तो ओळखला. तो बाहेर आला, सगळ्या बायकांसमोर त्यानं राहीबाईच्या थोबाडीत दिली आणि उरलेली लावणी ऐकायला परत आत गेला.

मार काही तिला नवा नव्हता. पण ज्या गाण्यापायी मारलं, त्याच गाण्याला आत जाऊन ह्यानं मान डोलवली, हे तिला कधी गिळता आलं नाही. त्यानंतर ती रानात पाखरं हाकतानाही गायली नव्हती. इतकी वर्षं शालूबाई तिनं नुसती ऐकली होती. एकदा तिला गाताना तोंडासमोर बघायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

दिवेलागण झाली तसं मशीन घरघरलं. पडद्यावर अक्षरं आली, ती उलटी. त्यानं फारसं अडलं नाही, कारण निम्म्याजणींना सुलटीही वाचता येत नव्हती. मग शालूबाई दिसली. पायांत चाळ, अंगावर नऊवारी, आणि पदर उजव्या खांद्यावर.

"अगं बया, लुगडं उलटं नेसलीया का काय ही?" सुलाबाई म्हणाली आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या.

राहीबाई हसली नाही. ती डोळे बारीक करून ते उलटं तोंड मनातल्या मनात सुलटं करून बघत होती. ते काही जमेना. पडद्यावर कुणीतरी शुद्ध मराठीत शालूबाईची थोरवी सांगत होता. जुने तंबू दिसले, बैलगाड्या दिसल्या, मुंबईत गळ्यात पडलेला हार दिसला. पलीकडून शिट्ट्या येत होत्या आणि त्यांतून सयाजीचं "वाहवा, बाई!" वेगळं ओळखू येत होतं.

नंतर आजची शालूबाई आली. केस पिकलेली, ओसरीवर बसून सुपारी कातरणारी. न दिसणाऱ्या माणसानं विचारलं, "बाई, आयुष्यातली सर्वांत मोठी दाद कोणती?"

अडकित्ता थांबला.

"म्होरं बसल्याल्यांनी फेटं उडिवलं, शिट्ट्या मारल्या. त्यांचं उपकार हायती. पर एका गावात माझ्या झीलकऱ्याचा गळा बसला, तवा कनातीच्या भाईरनं एका बाईनं झील दिली. अशी दिली, की माझ्या अंगावर काटा आला. आन मग थोबाडीत हानल्याचा आवाज आला. झील तुटली. मी त्या दिशी म्होरं गायले न्हाई. फड तितंच थांबिवला. लोकांनी धोंडं मारलं. मारंनात का. तिला आत आनून बसवा म्हनलं, मग गाते. कुनी आनली न्हाई."

पलीकडच्या शिट्ट्या बंद पडल्या होत्या.

"आक्का," बाळाबाई राहीबाईच्या कानाशी लागली. "ती मी. वडूजच्या जत्रंत. मामंजींनी मारलं हुतं."

"न्हाई गं," दुसऱ्या बाजूनं सुलाबाई म्हणाली. "ती मी हुते. माझ्या म्हायेरी, आटपाडीला."

राहीबाईनं एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं. तिच्याही तोंडात तेच शब्द आले होते.

"तुमच्या येळंला फड थांबला हुता?" तिनं विचारलं.

बाळाबाईनं नाही म्हणून मान हलवली. सुलाबाईनंही.

"माझ्याबी न्हाई," राहीबाई म्हणाली.

त्या दिवशी शालूबाई शेवटपर्यंत गायली होती आणि सयाजी गुणगुणतच घरी आला होता. पडद्यावरची ती बाई कुणी तिसरीच, कुठल्या तरी चौथ्या गावची. आपल्याशिवाय कुणी अशी आगळीक केलीच नाही, असं राहीबाई इतकी वर्षं समजत होती. गावोगावच्या बायकांनी झील दिली होती, गावोगावी थोबाडं फुटली होती, आणि फड काय तो एकदाच थांबला होता.

पडद्यावर तरणी शालूबाई परत उभी राहिली. ढोलकी कडाडली आणि जोंधळ्याची लावणी सुरू झाली. राहीबाईनं पदर खोचला.

"चला."

"कुटं गं?"

"म्होरं."

बांबूला वळसा घालून ती पुढं आली आणि तिची सावली पडद्यावर पडली. मागोमाग बाकीच्या. पुरुषांत ओरडा झाला. जालिंदरअण्णा खुर्चीतून उठले.

"वैनी, काय ठरलं हुतं आपलं?"

"मागनं समदं उलटं दिसतंय, आन्ना. आमी सुलट बघनार."

"मशीन बंद करा!" अण्णा गरजले. "ह्या मागं गेल्याबिगर पिच्चर म्होरं चालायचा न्हाई."

मशीन थांबलं. जीपचा दिवा लागला. शालूबाई ओळीच्या मध्येच पुसली गेली आणि पांढरं कापड तेवढं उरलं.

फड थांबला, राहीबाईच्या मनात आलं. माझ्यापायी थांबला. तिला इतका आनंद झाला की अण्णा पुढं काय बोलताहेत ते ऐकूच आलं नाही. अर्धी ओळ तशीच लोंबकळत होती आणि तिच्या मागचं धृपद तिला तोंडपाठ होतं.

"पाखरं हाकाया या जी..."

पहिला सूर चिरकला. कुणीतरी हसलं. दुसऱ्या खेपेला गळा मोकळा झाला, आणि तिसऱ्या खेपेला बाळाबाई अन् सुलाबाई येऊन मिळाल्या.

सयाजी घोंगडीवरून उठला. माणसं बाजूला झाली. तो त्या दिवशी उभा होता तितक्याच अंतरावर येऊन उभा राहिला. राहीबाईला त्याचा हात दिसत होता. तिनं गाल मागं घेतला नाही, नजरही काढली नाही. त्याच्या डोळ्यांत बघत ती गातच राहिली, आणि मागच्या बायकांचा आवाज चढत गेला.

सयाजी होता तिथंच मातीत खाली बसला.

साताऱ्याच्या मशीनवाल्यानं अण्णांकडे पाहिलं, सयाजीकडे पाहिलं, आणि कुणाला न विचारता खटका दाबला.

शालूबाई आली. पदर डाव्या खांद्यावर, तोंड समोर. तिनं तुटलेली ओळ तुटली होती तिथूनच उचलली. राहीबाई केव्हाच धृपदावर होती. ती थांबली नाही. ओळ संपवून शालूबाई येऊन मिळेपर्यंत तिनं झील धरून ठेवली.