बेरेझिवचा दवाखाना कुणी बंद केला

आमच्या बेरेझिवचा दवाखाना माझ्या नवऱ्याने बंद केला, असं गावात अजून म्हणतात. ते खोटं नाही.

माझा नवरा मेट्रो पस्तीस वर्षं गावच्या धान्यकोठारावर गहू तोलत होता. काट्याला कधी बोट लावलं नाही, म्हणून शेतकरी त्याला मानायचे. १९९३ साली प्रांत सरकारने आरोग्याचा कारभार जिल्हा मंडळांकडे सोपवला आणि मंडळावर गावोगावची भली माणसं नेमली. बेरेझिवमधून मेट्रो. मीच त्याच्या कोटाला इस्त्री केली होती.

दुसऱ्याच बैठकीला राजधानीहून एक साहेब आला. मंडळाला वर्षाला ठरावीक रक्कम मिळणार, ती दोन दवाखान्यांना पुरणार नाही. बेरेझिवचा ठेवा नाहीतर जिल्ह्यातल्या दुसऱ्या गावचा, क्लिअरफोर्डचा.

"पैसे तुम्ही कापलेत आणि कात्री आमच्या हातात देताय?" मेट्रोने विचारलं.

"निर्णय गावातल्या लोकांनीच घ्यावा, अशी तुमचीच मागणी होती ना?" साहेब गोड हसून म्हणाला.

आमचा दवाखाना नऊ खाटांचा. माझ्या सासऱ्यांच्या पिढीने विटा वाहून तो बांधला होता. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी कोंबड्या विकल्या. माझी तिन्ही मुलं तिथलीच. पण आमच्याकडे एकच डॉक्टर, तोही जायच्या बेतात. क्लिअरफोर्डला दोन डॉक्टर, एक्स-रे, शस्त्रक्रियेची खोली. मेट्रोने सहा आठवडे आकडे पाहिले. मग त्याने अट घातली, की अँब्युलन्स बेरेझिवमध्येच राहील आणि आठवड्यातून दोन दिवस डॉक्टर येईल. तसा ठराव लिहून घेतला आणि क्लिअरफोर्डच्या बाजूने हात वर केला. एका मताच्या फरकाने निकाल लागला.

घरी येऊन तो बूट न काढताच बसला. "ओलेना, मी आपला बंद केला," म्हणाला. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. आज त्याची लाज वाटते.

आमच्या दवाखान्यातली नर्स व्हर्ना दुसऱ्या दिवशी दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही. "काका, मला हे तुमच्याकडून कळायला हवं होतं. रेडिओवरून नाही."

चर्चच्या तळघरात आम्ही बायका बटाटा भरलेल्या वारेनिकींना करंजीसारखी मुरड घालत होतो, तेव्हा पोलिन ह्नात्युक सगळ्यांदेखत म्हणाली, "काय गं ओलेना, मंत्र्याने तुझ्या नवऱ्याला काय दिलं? खुर्ची की नुसतीच शाबासकी?" सगळ्या खाली बघून पीठ लाटत राहिल्या. मी हात धुऊन घरी आले.

दवाखान्याचं 'स्वास्थ्य केंद्र' झालं. म्हणजे रक्तदाब मोजायचं यंत्र आणि भिंतीवर भाज्या खाण्याची चित्रं. अँब्युलन्स दोन हिवाळे राहिली, मग क्लिअरफोर्डला हलवली. डॉक्टरचे दोन दिवस होते, त्याचा एक झाला; पुढे तोही बंद. मेट्रो प्रत्येक बैठकीत ठराव वाचून दाखवायचा. माणसं माना डोलवायची. पुढे काही वर्षांनी प्रांताने मंडळंच मोडली आणि त्यांचे मोठे विभाग केले. मेट्रोला आभाराचं छापील पत्र आलं.

तो ठराव घेऊन विभागाच्या कचेरीत गेला. मीही गेले होते. खिडकीमागच्या तरुणाने कागद नीट वाचला.

"आजोबा, हे मंडळ आता अस्तित्वात नाही."

"मी आहे ना! ही माझी सही आहे."

"तुम्ही आहात, पण मंडळ नाही. मंत्रालयात विचारून बघा."

मंत्रालयाने सांगितलं, अँब्युलन्स हा विभागाचा विषय.

त्याच वर्षी फेब्रुवारीत पोलिनचा नवरा स्टेफान जेवताजेवता खुर्चीवरून कलंडला. क्लिअरफोर्डहून बर्फातून अँब्युलन्स यायला पन्नास मिनिटं लागली. तो वाचला, पण उजवी बाजू आणि वाचा गेली.

महिन्याने पोलिन आमच्याकडे आली. शिव्या द्यायला आली असेल म्हणून मी आधी दार अर्धंच उघडलं. ती थेट मेट्रोसमोर जाऊन बसली. "अँब्युलन्स परत आणायला अर्ज करायचाय. मला त्यांची भाषा येत नाही, तुला येते. लिही."

त्याने चार दिवस बसून लिहिलं. पोलिन दारोदार फिरली, गावातल्या झाडून सगळ्यांनी सह्या केल्या.

जूनमध्ये उत्तर आलं. पोलिन ते न फोडता घेऊन आली आणि मेट्रोपुढे धरलं. त्याने चष्मा लावून मोठ्याने वाचायला घेतलं. स्टेफानबद्दल खेद होता. पुढे लिहिलं होतं की बेरेझिवची सेवा क्लिअरफोर्डमध्ये एकत्र करण्याचा निर्णय १९९३ साली स्थानिक प्रतिनिधींनीच, सर्व बाबींचा विचार करून घेतला होता. त्यात बदल करण्याचं कारण विभागाला दिसत नाही. अटीबद्दल एक अक्षर नव्हतं.

वाचता वाचता मेट्रो थांबला. एखादी ओळ गाळता आली असती, पोलिनला कळलं नसतं. पण त्याने ते सगळं वाचलं.

"म्हणजे तूच," पोलिन म्हणाली.

"हो."

तिने पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं. मी चहा पुढे केला, तो तिने तसाच ठेवला. स्टेफानला भरवायची वेळ झाली होती, म्हणून ती निघाली.

त्यानंतर मेट्रोने कुणाचा अर्ज लिहिला नाही. कुणी लिहून मागितलाही नाही.