उंबऱ्याखालचा चेहरा

मित्रांनो, अंगणाच्या कोपऱ्यात उभा असलेला हा अर्धा दगड म्हणजे मी. पूर्ण होतो तेव्हा मी माणसाहून उंच होतो आणि माझ्यावर एका मुलीचा चेहरा होता.

माणसाच्या हाती लोखंड येण्यापूर्वीची गोष्ट. ती मुलगी पुरात वाहून गेली. तिचा देह सापडलाच नाही. तिच्या बापाने मला डोंगरातून ओंडक्यांवरून ओढत आणवले आणि गारगोटीने ठोकून ठोकून माझ्यावर तिला कोरले. दोन डोळे, नाक, गळ्यात मण्यांची माळ, पोटावर ठेवलेले हात. मग सगळ्या वस्तीने मिळून मला नदीकाठी उभे केले. तिची आई रोज येऊन माझ्याशी बोलत असे. ऐकण्यावाचून मला दुसरे काय येणार?

ती माणसे गेली, त्यांची भाषाही गेली. पुढे दुसरी माणसे आली. त्यांच्यातल्या एका गवंड्याला लांब, सपाट दगड हवा होता. त्याने मला आडवे पाडले आणि कोरीव बाजू खाली करून एका घराच्या दारात उंबरा म्हणून बसवले. त्याला मी दोष देत नाही. उंबऱ्याचे काम मी इमानाने केले. माझ्यावरून नव्या सुना आत आल्या, म्हातारे खांद्यांवरून बाहेर गेले. पावलांनी माझी पाठ गुळगुळीत झाली. चेहरा मात्र मातीत जसाच्या तसा राहिला.

मग त्या घरच्या सुनेच्या सासऱ्यांनी दार रुंद करायचे काढले. नव्या गवंड्याने मला उचकटले आणि घणाने माझे दोन तुकडे केले. वरचा, डोक्याकडचा तुकडा भिंतीच्या पायात गेला, त्यावर भिंत चढली आणि छपराला टेकली. काही दिवसांनी त्याने माझा उरलेला तुकडा उलटवला आणि घण उगारला. तेवढ्यात घरची सून पाणी घेऊन आली.

"थांबा जरा," ती म्हणाली. "हे हात आहेत."

गवंडी म्हणाला, जुन्या दगडाला चरे पडतातच. तिने हातातले पाणी माझ्यावर ओतले. बोटे दिसली, माळेचे खालचे मणी दिसले. गवंड्याने घण खाली ठेवला.

"वरच्या तुकड्यावर काय होतं?" तिने विचारले.

"बघितलं नाही, वहिनी. पालथाच घातला."

सासरे खाली बसले आणि बराच वेळ त्या बोटांवरून हात फिरवत राहिले. भिंत पाडली तर छप्पर खाली येईल, हे सर्वांनाच कळत होते. शेवटी ते म्हणाले, "याच्यावर आता कुणी पाय द्यायचा नाही. उभा करा याला."

तेव्हापासून मी असा उभा आहे. सून त्या भिंतीजवळून जाताना अजूनही पाऊल हलके टाकते.

मित्रांनो, घरे बांधायलाच हवीत आणि त्यासाठी दगडही फोडावे लागतात. पण घण उचलण्याआधी दगड एकदा उलटून बघा. माझ्या वरच्या तुकड्याच्या वाट्याला तेवढेही आले नाही.