अयोध्याचं सोंग नव्हतं

चार महिने झाले, अयोध्याला अंथरुणातून उठवत नव्हतं. ताप नाही, खोकला नाही. कशीबशी उठली तरी पीठ मळता मळता तिचे हात थांबायचे. घास गिळवत नव्हता, झोप लागत नव्हती.

"सोंगं हायती सारी!" सासू कस्तुराबाई म्हणायची. दोन देवऋषी होऊन गेले, उतारे झाले. नवरा उत्तरेश्वर पार थकला होता. दिवसभर रान, घरी आलं की चूल. शेवटी तो म्हणाला, "हिला माहेरी सोडून येतो. बरी झाली तर आणू."

तो गाठोडं बांधत होता, तेवढ्यात बांगड्या भरणारी फातिमाबी दारात आली. सवयीनं तिनं अयोध्याचा हात धरला आणि दचकली.

"भाऊ, मनगट कुठं ऱ्हायलं? नुसतं हाड हाय! सोंगानं कुणी असं वाळतंय व्हय? आमच्या मालकांचं बी असंच झालतं. आमी त्यांना आळशी म्हणलो. उमरग्याच्या डॉक्टरानं सांगितलं तवा कळलं, ह्यो मनाचा आजार हाय."

"मनाला कसला आलाय आजार?" उत्तरेश्वर म्हणाला.

"पोटाला व्हतो, डोळ्याला व्हतो. मनानंच काय घोडं मारलंय?"

उत्तरेश्वर तिला आधी उमरग्याला घेऊन गेला. तिथं डॉक्टरांनी त्याला गप्प बसवलं आणि अयोध्यालाच विचारलं, "जगावंसं वाटतं का, बाई?"

ती म्हणाली, "पाण्याला जायचं भ्या वाटतं. आड दिसला की वाटतं, सुटावं एकदाचं."

उत्तरेश्वरला आठवलं. रोज तोच तिला पाण्याला पिटाळत होता!

"हा आजार आहे, हिचा दोष नाही," डॉक्टर म्हणाले. "सोलापूरच्या मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी देतो. गोळ्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, मधेच सोडू नका. तोवर हिला एकटी ठेवू नका, टोचून बोलू नका."

उत्तरेश्वर माहेरच्या गाडीत बसलाच नाही. सोलापूरहून आल्यावर तो स्वतः पाणी भरू लागला. गाव हसलं. पहिला महिना काहीच फरक दिसेना. तरी त्यानं तिची गोळी चुकू दिली नाही. एका दुपारी अयोध्या म्हणाली, "आत्याबाई, भूक लागलीया."

कस्तुराबाईला रडू फुटलं. "म्या तुला काय काय बोलले गं पोरी!"

पुरतं बरं व्हायला वर्ष गेलं. मधे वाईट दिवसही आले.

मंडळी, तुमच्याही घरात कुणी असं गप्प पडून असेल. त्याला आळशी म्हणू नका. जवळ बसा, विचारा आणि दवाखान्यात न्या. मोडलेल्या पायाला आपण 'चाल' म्हणत नाही. दुखऱ्या मनाला तरी 'ऊठ, कामाला लाग' का म्हणावं?