खळीसारखी पेज

१९३७ साली मी शाळेतून पेन्शनीत निघालो आणि दोनच महिन्यांनी माझ्या बायकोचं, सोनाबाईचं, डावं अंग लुळं पडलं. आम्हांला मूलबाळ नव्हतं. शहापुरातल्या दोन खोल्यांत ती, मी आणि माझी पुस्तकं.

कॅम्पातले डॉक्टर टांग्यातून आले. "थोडं थोडं भरवत जा," म्हणाले. कसं, ते मी विचारलं नाही. एवढं माणसाला येत असेलच, असं त्यांना वाटलं असावं. मलाही तसंच वाटलं.

तिचा भाऊ मारुतीराव निपाणीहून आला. "दाजी, तुमच्यानं हे व्हायचं न्हाई. हिला मी नेतो. घरात चार बायका हाईत."

चार घास पोटात जाईपर्यंत हलवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. "मग गुरुवारी येतो," म्हणून तो गेला.

ती जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. पण गिळलं नाही तर ती वाचणार नव्हती, आणि गिळलं तर निपाणीला जाणार होती.

माझ्याकडं वैद्यकाचं एक जुनं पुस्तक होतं. अर्धांगवायूवर त्यात पानभर काढे होते. तोंडात चमचा कसा घालावा, हे कुठंच नव्हतं. मी तिला उताणी ठेवूनच पाणी नि तांदळाची पेज घालायचो. ती ठसकायची, पाणी नाकातून यायचं. मी तोंड पुसायचो आणि परत घालायचो. मला भीती वाटायला हवी होती. नुसते हात चालत होते.

मंगळवारी ठसका ऐकून शेजारची गुणाबाई मागावरून उठून आली. ताण्याच्या सुताला लावायची पिठाची खळ अजून तिच्या बोटांना होती.

"मास्तर, मारतायसा काय तिला?"

मी पुस्तक मिटलं.

"आधी बसवा. आडव्या वासराला तरी कोण पाजतंय व्हय? एवढी बुकं वाचलीसा!"

तिनं माझी पेज पळीनं वर घेतली. पाण्यासारखी धार पडली. "आमची खळ बघा. पातळ झाली की पळती, घट्ट झाली की गोळा. सावकाश उतरंल अशी पायजे."

तिनं पेज आटवली. सोनाबाईला भिंतीला टेकवून बसवलं, हनुवटी खाली धरली आणि उजव्या गालात अर्धा चमचा ठेवला. गळा वर झाला, खाली गेला. ठसका आला नाही.

"तुम्हांला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"कोण शिकवतंय? सासूला दोन वर्सं भरवलं. पैलं दोन म्हैनं तिला बी असंच मारत हुतो."

गुरुवारी मारुतीराव आला तेव्हा मी भरवतच होतो. त्यानं उभ्यानंच पाहिलं.

"ब्येस झालं! आता नेता येईल."

सर्व्हिस मोटारीत त्यानं तिला उशांवर टेकवलं. मी खाली उभा होतो.

"मारुतीराव, पेज जरा..."

"बायकांना ठावं असतंय ते, दाजी."

पहिले दोन महिने असंच मारत होतो, गुणाबाई म्हणाली होती. मी पेजेचा डबा आणि चमचा घेऊन मोटारीत चढलो.

"तुम्ही कुठं?"

"निपाणीला."

"किती दिस?"

"ठाऊक नाही."

मागच्या बाकावरून कुणी तरी म्हणालं, "मास्तर या वयात घरजावई झालं की रं!" लोक हसले. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

वाटेत काकतीपाशी मोटार थांबली. मी डबा उघडला, चमचा बुडवून वर धरला. पेज सावकाश उतरली. मग मी तिची हनुवटी खाली धरली.