सुकाणूला हात न लावता

लाँच धक्क्याला लागते तेव्हा मधे टांगलेले जुने टायर ओरडतात. सुकाणूवर कोण आहे हे फटाक्याला डोळे मिटूनही सांगता यायचं. शिकाऊ असला तर टायर बोकडासारखा केकाटतो. दादा असला तर दम्याच्या पेशंटसारखा खोकतो. आणि वहिनी असली की टायर नुसता उसासा टाकतो, झोपेत कूस बदलल्यासारखा. त्या उसाशावर फटाका फिदा होता. तोंडाने मात्र कधी बोलला नाही. वहिनीचं कौतुक दिरानं करायचं, तेही तोंडावर? छ्या.

फटाका हे काही त्याचं खरं नाव नाही. लहानपणापासून कशावरही फाटकन उडायचा, म्हणून चिकटलेलं. आता तिशी आली तरी वात तेवढीच आखूड. लाँचवर तो तिकिटं फाडायचा, दोर फेकायचा आणि उरलेल्या वेळात भांडायचा. दादा, म्हणजे त्याचा थोरला भाऊ, खाली इंजिनापाशी. इंजिनानं त्याचे कान अर्धे खाल्लेले, त्यामुळे घरात कितीही वादळ झालं तरी हा आपला शांत. आणि वर काचेच्या खोलीत वहिनी. काठावरून नदीतल्या बेटावर, बेटावरून काठावर. बेटावरची पोरं शाळेला, म्हातारी दवाखान्याला, नव्या नवऱ्या सासरी, सगळी तिच्या भरवशावर.

नदीचा पलीकडचा काठ दुसऱ्या देशाचा. तिकडे लाँच जात नाही, पण तिकडचा टॉवर इकडे येतो. पाण्यावर तरंगणारा लाल बोया ओलांडला की बेट येईपर्यंतच्या पट्ट्यात फोन गुपचूप तिकडचं नेटवर्क पकडतो, ‘शेजारच्या देशात आपलं स्वागत’ असा मेसेज टाकतो आणि पुढच्या महिन्यात बिल बघून माणूस आडवा होतो. म्हणून नदीवरचा शिरस्ताच आहे. बोया दिसला की फटाका बोंब ठोकणार, “बोया आला, फोन बंद!” आणि बेटावरचं शेंबडं पोरगंही आजीच्या पिशवीत हात घालून तिचा फोन बंद करणार.

तर झालं असं की वहिनीचा सुकाणूचा परवाना संपत आला. पूर्वी बंदराच्या कचेरीत साहेब ओळखीचा होता, चहा पाजला की शिक्का मारायचा. आता सगळं ऑनलाइन. फटाक्यानं फोनवर माहिती भरली, बटण दाबलं, आणि लाल अक्षरं आली: अर्जदार नागरिक असल्याची नोंद आढळली नाही. कृपया ‘नागरिकत्व तपासा’ येथे जा.

“आढळली नाही म्हणजे? आयला, तुझ्या बापाला आढळली नाही!” फटाका फोनवर ओरडला.

“फोनला बाप नसतो, भाऊजी,” वहिनी म्हणाली. “जा म्हणतोय तिथे जा.”

तिथे जन्मनोंदणीचा नंबर मागितला, आईचं नाव, वडिलांचं नाव, राहत्या घराचा पत्ता. फटाक्याला वाटलं होतं, आता गोल फिरत बसेल आणि शेवटी सर्व्हर झोपलाय म्हणेल. पण पान उघडलं आणि सरळ माणसासारखं बोललं. आपण जन्माने नागरिक आहात. आपण लहान असताना वडिलांनी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, त्यामुळे आपलंही संपलं. ते परत मिळवण्याचा आपल्याला हक्क आहे. आणि खाली हिरवं बटण: परत मिळवा.

वहिनी बराच वेळ त्या ओळींकडे बघत राहिली. ती तळहाताएवढी होती तेव्हा तिचे बाबा कामासाठी पलीकडे गेले, काचेच्या कारखान्यात. घर, भांडी, पोरगी, सगळं सोबत नेलं. पुढे तिकडचे कागद केले. मग वहिनी मोठी झाली, लग्न करून इकडे आली आणि परत काही गेली नाही. आलो म्हणजे आलो, यापलीकडे कोणी विचारच केला नव्हता.

“म्हणजे बाबांनी मला ट्रंकेसारखं नेलं,” ती म्हणाली, “आणि ट्रंकेला कोण विचारतंय.”

“आणि इतकी वर्षं तू लाँच चालवलीस ती काय परदेशी म्हणून?”

“तसंच दिसतंय. बघा, तुमच्या घरी फॉरेनची सून होती आणि तुम्हाला पत्ता नाही.”

ती हसली, पण फटाक्याला हसू आलं नाही. परवाना संपायच्या आत हे मार्गी लागलं नाही, तर वहिनीच्या हातून सुकाणू जाणार होतं. बंदराचा नियम कडक आहे: परवाना नाही, तर सुकाणूच्या चाकाला बोटही लावायचं नाही.

फटाक्याला धीर कुठला. दुसऱ्या दिवशी चालत्या लाँचवरच त्यानं अर्ज उघडला. वरच्या खोलीत नेटवर्क झकास मिळतं म्हणून तिथेच उभा राहून भराभर खुणा करत सुटला. शेवटी फोन म्हणाला, चेहरा गोलात आणा.

“वहिनी, जरा इकडे बघ.”

“मी समोर बघू की तुमच्याकडे?”

“एक सेकंद गं!”

तिनं एक सेकंद मान वळवली. गोल हिरवा झाला. आणि फोन तुंग करून वाजला. शेजारच्या देशात आपलं स्वागत! त्यामागोमाग दुसरं पान: अर्जदार देशाबाहेर असल्याचे दिसते. अर्ज थांबवला आहे. देशात परतल्यावर पुन्हा सुरुवातीपासून भरावा.

फटाका खिडकीबाहेर बघतच राहिला. लाल बोया मागे पडून डुलत होता, जसा काही त्याला वेडावत होता. आख्ख्या नदीला फोन बंद करायला लावणारा माणूस स्वतःचा फोन चालू ठेवून बोया ओलांडून आला होता. खालून एका पोरानं हाक मारली, “फटाकेकाका, आज बोंब नाही मारली?”

“तू गप रे!”

वहिनी इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. “लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी पोचवलंत, भाऊजी. तेही फुकटात.”

मग संध्याकाळी घरी, नदीपासून लांबच्या आतल्या खोलीत, कपाटाला पाठ लावून बसले. फटाक्यानं फोन उचलला तसा वहिनीनं चष्मा चढवला आणि हात पुढे केला.

“आणा. या वेळी मी वाचते.”

ती वाचते म्हणजे कशी, तर ओठ हलवत, प्रत्येक ओळीवर बोट ठेवत. फटाक्याला ते बघूनच खाज सुटली. मधेच तिचं बोट थांबलं.

“सज्ञान झाल्यावर दुसऱ्या देशाचा पासपोर्ट स्वतः वापरला का? इथे काय केलं होतंत तुम्ही लाँचवर?”

“नाही केलं होतं.”

“का?”

“अगं, मी सगळं वाचलंय. ‘नाही’ म्हटलं की मशीनच पास करतं. लगेच. ‘हो’ म्हटलं की अर्ज साहेबाकडे जातो. मग साहेब कधी उठणार, कधी चहा पिणार, कधी बघणार! तोवर परवाना संपेल.”

“आणि लग्नाला मी इकडे आले ते कशावर? उडत?”

“वहिनी, किती वर्षं झाली त्याला! कोण बघतंय?”

“मी बघतेय ना,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, काही नाही. “ही एक गोष्ट माझी मी मागतेय, भाऊजी. बाबांनी केलं ते मला न विचारता केलं. आता मी मागायचं, ते पण खोटं सांगून?”

फटाका उडाला. खुर्ची मागे सरकली, आवाज वर गेला, हरिश्चंद्राची नात वगैरे बोलून झालं. दारात दादा येऊन उभा राहिला, हातात इंजिन पुसायचा बोळा.

“काय म्हणतेय ती?”

“खरं लिहायचं म्हणतेय!” फटाका त्याच्या कानाशी ओरडला.

“मग लिही की,” दादा म्हणाला. “त्यात ओरडायचं काय?”

वहिनीनं ‘हो’वर बोट ठेवलं. खाली कारण लिहायला चौकोन होता. तिनं एकेक अक्षर शोधत लिहिलं: लग्न करून इकडे यायचं होतं. तिकडचाच पासपोर्ट होता. त्यावर आले. परत गेले नाही. मग चेहरा गोलात आणला, अगदी सुकाणूवर असल्यासारखी नजर सरळ ठेवून. अर्ज अधिकाऱ्याकडे पाठवला आहे, असं आलं आणि पान मिटलं.

परवाना संपायचा तो संपलाच. त्या दिवशी वहिनीनं वरच्या खोलीची काच पुसली, किल्ली खिळ्याला टांगली आणि खाली येऊन फटाक्याच्या हातातून तिकिटांचं पुडकं घेतलं. लाँचच्या कंपनीनं सुकाणू धरायला बदली तांडेल पाठवला. माणूस भला, मोठ्या सरोवरावर मोठ्या बोटी चालवलेला, बोलायला नरम. पण या नदीला वळणं फार. पहिल्याच दिवशी टायर असा केकाटला की धक्क्यावरची कुत्री उठून भुंकायला लागली. तांडेल खाली येऊन स्वतःच वहिनीला म्हणाला, “माफ करा हं ताई.”

“टायर माझ्या माहेरचा नाही,” वहिनी म्हणाली. “करू दे ओरडा.”

रोज येणारी-जाणारी माणसं सोडतात होय? एक आजीबाई तिकीट घेताना म्हणाल्या, “काय गं, वरून खाली? हकालपट्टी झाली वाटतं!”

“बढती झाली, आजी. आता गल्ला माझ्याकडे.”

फटाका दोर गुंडाळता गुंडाळता जळायचा. एवढी हाताची सफाई, आणि ही बाई सुट्टे पैसे मोजतेय! आणि तोंड वाकडं नाही. दोर फेकायची तर असा फेकायची की खुंटीला आपोआप मिठी बसावी. खाली बसून भाजीच्या पाट्या सरकवायची. रोज सकाळी फोन उघडून ‘अर्जाची स्थिती’ बघायची, ‘विचाराधीन’ वाचायची आणि म्हणायची, “करतायत विचार. करू देत.” फटाक्याला वाटायचं, आपण असतो तर एव्हाना फोन नदीत गेला असता.

मग ती धुक्याची सकाळ आली. बेटावरून निघताना धुकं पातळ होतं. अर्ध्यात आल्यावर असं दाटलं की लाँचचं नाकही दिसेना. शाळेची पोरं खच्चून भरलेली. तांडेलनं वेग कमी केला, डावीकडे घेतलं, उजवीकडे घेतलं, आणि मग हाक मारली, “ताई, जरा वर येता का?”

वहिनी वर गेली, मागोमाग फटाका. तांडेलच्या कपाळावर घाम. “बोया लागायला हवा होता. लागला नाही.”

“वहिनी, धर तू!” फटाका म्हणाला. “तांडेल, व्हा बाजूला.”

तांडेल खरंच बाजूला व्हायला लागला. वहिनी जागची हलली नाही. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि बोटात बोटं अडकवली.

“नाही. तांडेलांचे हात चांगले आहेत. त्यांना दिसत नाहीये एवढंच. मला तरी कुठे दिसतंय?”

“खाली पोरं आहेत, आणि तू परवाना धरून बसलीस?”

“पोरं आहेत म्हणूनच. मधेच चाकावरचा माणूस बदलला की लाँच आधी भरकटते. आणि अर्जात खरं लिहून आलेली बाई धुकं बघून चोरून चाक धरणार होय? भाऊजी, फोन चालू करा.”

“आत्ता?”

“करा हो!”

त्यानं चालू केला. धुक्यात तो तुंग आवाज देवळातल्या घंटेएवढा मोठा वाटला. शेजारच्या देशात आपलं स्वागत!

“म्हणजे बोया अजून पुढे आहे,” वहिनी म्हणाली. “प्रवाहानं आपल्याला खाली ओढलंय. तांडेल, डावीकडे घ्या. अजून. आता सरळ, हळू. पायाखाली थरथर जाणवते? ती कमी झाली की पाणी खोल. हां, तशीच ठेवा.”

ती बोलत होती, तांडेल फिरवत होता. पाठीमागे तिची बोटं मात्र वळत होती. डावीकडे, थोडी उजवीकडे, जसं चाक तिच्याच हातात आहे. ते फक्त फटाक्याला दिसलं. फोन त्यानं डोळ्यासमोर धरला होता. बराच वेळ काही नाही. मग कोपऱ्यात इकडच्या नेटवर्कचं नाव उगवलं, तसा उजवीकडे धुक्यातून लाल बोया सरकत गेला. पुढे धक्क्यावरची घंटा ऐकू यायला लागली.

आणि अडकून पडलेले मेसेज धबाधब पडले. एक, दोन, जाहिरात, जाहिरात. मग एक, जो त्यानं तीनदा वाचला.

“वहिनी! आलं! झालं! तू...”

“आधी धक्का,” वहिनी म्हणाली. तिनं वळूनही पाहिलं नाही. “तांडेल, आता इंजिन मागे. थोडं. सोडा.”

टायरनं उसासा टाकला.

तांडेलनं चाक सोडलं आणि स्वतःच्याच हातांकडे बघत राहिला. खाली पोरं दप्तरं आपटत उतरली. मग कुठे वहिनीनं पाठीमागची बोटं सोडवली, तळवे झाडले आणि चष्मा शोधायला लागली. चष्मा डोक्यावर होता.

“वाचा,” ती म्हणाली. “मोठ्यानं वाचा, ह्यांना ऐकू गेलं पाहिजे.”

फटाका इंजिनाच्या झाकणाशी वाकला आणि नदी हलेल एवढ्या आवाजात ओरडला, “आपला अर्ज मंजूर झाला आहे! आपले नागरिकत्व आजपासून परत देण्यात येत आहे! दादा, वहिनी नागरिक झाली!”

खालून काळं झालेलं तोंड वर आलं.

“त्यात ओरडायचं काय,” दादा म्हणाला. “ती कधी नव्हती?”

वहिनीनं मान फिरवली आणि काच पुसायला लागली. काच स्वच्छच होती. मग तिनं तिकिटांचं पुडकं फटाक्याच्या छातीवर आपटलं.

“धरा तुमचं. आणि त्या परवान्याचा अर्ज भरायला घ्या. धक्क्यावर उतरून, भाऊजी. पाण्यावर नाही.”