टेम्पमधलं गाव

डोळ्यांसमोर आणा पाहू, मुलांनो. माजलगावचा मोंढा, म्हणजे धान्यबाजार, तिथलं एक दुकान आणि त्याच्या माळ्यावर एकाच कॉम्प्युटरचा क्लास. साल दोन हजारच्या आसपासचं. क्लास चालवणारा केदारनाथ कपाळाला हात लावून पडद्याकडे बघतोय. मागं त्याची पुतणी शिवांजली उभी आहे.

"काका, कावून थांबलं?"

"जागा संपली."

"एवढा मोठा डबा, अन् जागा न्हाई?"

"करतो मी. तू आजीला बोलावून आण."

आजी म्हणजे नात्यातली नव्हे, शिवांजली जिला आजी म्हणायची ती बायनाबाई. खाली दुकानात ती धान्य निवडायची. तिचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं होतं. ती सांगेल तसं शिवांजलीनं त्या गावाचं चित्र कॉम्प्युटरवर काढलं होतं. आज ते छापून बायनाबाईच्या हातात द्यायचं होतं. पण तो कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालायचा, आणि तिला नवा प्रिंटर ओळखू येईना. त्यासाठीचा प्रोग्राम केदारनाथ कंपाइल करत होता, म्हणजे मशीनला चालवता येईल असा घडवत होता, आणि ते काम सारखं मध्येच बंद पडत होतं.

आता हे समजून घ्या. ज्वारी चाळायची तर समोर मोकळी फरशी लागते. कोठार कितीही मोठं असो, फरशीवर पसारा असेल तर काम अडतं. कंपाइल करताना मशीनलाही अशीच फरशी लागते. तिचं नाव टेम्प. तिथं कायमचं काही ठेवायचं नसतं.

केदारनाथनं नेहमीसारखी एक ओळ टाइप केली आणि टेम्प झाडून काढलं. या वेळी काम शेवटापर्यंत गेलं. प्रिंटर खडखडला, चाचणीचा कागद बाहेर आला. तेवढ्यात दोघी जिना चढून आल्या.

"बसा मावशी. शिवे, काढ तुझं गाव!"

शिवांजलीनं शोधलं. पुन्हा शोधलं.

"कुठं ठिवलतंस?" केदारनाथनं विचारलं.

"टेम्पमदी. दुसरीकडं कुठंच ठिवू देत न्हवतं. परवानगी न्हाई म्हणायचं."

खरंच होतं. गावातल्या पोरांना फुकट शिकवणाऱ्या केदारनाथनं घरच्या पोरीला मात्र मशीनवर स्वतःची जागा दिली नव्हती. खेळतेय, असंच त्याला वाटत होतं.

"काय झालं रं केदारा?" बायनाबाईनं विचारलं.

"गाव गेलं, मावशी. माझ्या हातनं पुसलं."

"पुन्यांदा?" ती म्हणाली. मग हसली. "जाऊ दे बाबा. मागल्या टायमाला तर सरकारी मान्सं आलती. तू घरचा हायस." गुडघ्यावर हात टेकून ती उठायला लागली. "लई ज्वारी पडलीय खाली."



शिवांजली रडली नाही. तिनं प्रिंटरमधला कागद घेतला, कोरी बाजू वर केली आणि बायनाबाईचा पदर ओढून तिला परत बाकावर बसवलं.

"येशीतून आत आलं की पयलं घर कुणाचं, आजी?"